फुकटची धुरी

वेल्डिंगचा धूर ओढून घेणारं यंत्र कामगाराला कसं वाचवतं, हे मला कुणी शिकवू नये. मी ते भिंतीच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय. आत ओढलेला धूर कुठेतरी बाहेर पडतोच, आणि तो जिथे बाहेर पडत होता तिथे माझी खिडकी होती.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षाची गोष्ट. सुरतेत आम्ही बमरोलीला राहायचो, एका फॅब्रिकेशनच्या शेडमागे. शेडची मागची भिंत आणि आमच्या खोल्यांची रांग यांच्यामध्ये एक बोळ. त्यातून सायकल घेऊन जाणारा माणूस आला की दुसऱ्याने दारात चढून उभं राहायचं. शेडमध्ये पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांसाठी टाक्या बनायच्या, पाइपलाइनी बनायच्या. माझा नवरा तिथे वेल्डर. भिंतीच्या आत तो, बाहेर मी, असा आमचा संसार.

शेठ आमच्याच बाजूचा होता, शिरपूरकडचा. स्वतः कधीकाळी वेल्डिंगचा होल्डर हातात धरून उन्हात बसलेला माणूस. पण शेड झाली, शेडमध्ये काचेची केबिन झाली, केबिनला कूलर लागला आणि त्याला आपल्या माणसांचा वास येईनासा झाला. पार्ट्यांशी तो गुजराती बोलायचा, कामगारांशी हिंदी. अहिराणी त्याने फक्त अपमान करण्यासाठी राखून ठेवली होती. अपमान नीट लागावा म्हणून असेल.

धुराचं म्हणाल तर यंत्र येण्याआधी आतली दशा वाईट होती. नवरा घरी आला की आधी मोरीत जाऊन नाक शिंकरायचा आणि ते काळं यायचं. खोकला तर असा की शेजारच्या खोलीतल्या बाईला कळायचं, आमच्याकडे माणूस आला. आणि ज्या दिवशी जस्ताच्या पाइपांचं काम असेल त्या संध्याकाळी ताप. थंडी वाजायची, दात वाजायचे, पाणी दिलं तर म्हणायचा गोड लागतंय. सकाळी उठून पुन्हा ठणठणीत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तो ताप सगळ्यात जास्त चढायचा. शेडमधले सगळे त्याला जस्ताचा ताप म्हणायचे, जसं काही तो सर्दीसारखा येणारच, त्यात बोलण्यासारखं काय.

यावर शेठचा इलाज म्हणजे गूळ. बारडोलीकडून भेल्या यायच्या, शेडच्या दाराशी ठेवलेल्या असायच्या. संध्याकाळी जाताना प्रत्येकाने खडा तोंडात टाकायचा, म्हणजे छाती साफ. मी नवऱ्याला विचारलं, "गूळ जातो पोटात, धूर जातो छातीत. यांची गाठ कुठे पडते हो?"

"सगळेच खातात," तो म्हणाला.

हे त्याचं नेहमीचं उत्तर. सगळेच खातात, सगळेच करतात, सगळ्यांनाच होतं. माझं डोकं फिरायचं. मी दहावी झालेली होते, सासरच्या घरात हा माझा मोठाच गुन्हा होता. पण गूळ छातीत जात नाही हे कळायला दहावीसुद्धा लागत नाही.

मग एका मोठ्या मिलचा इंजिनिअर टाकी बघायला आला. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि जो ठसकायला लागला तो थांबेना. त्याने शेठला तिथेच सुनावलं, की आधी या धुराची काहीतरी व्यवस्था कर, मग माझ्याकडे कामासाठी ये. झालं. आमचे लोक वर्षानुवर्षं खोकत होते ते शेठला ऐकू आलं नाही, त्या परक्या माणसाचा एक ठसका बरोबर ऐकू आला.

यंत्र आलं. मोठा ब्लोअर, त्याला जाड लवचिक नळ्या आणि प्रत्येक नळीच्या तोंडाला पत्र्याचं टोपलं. बसवणाऱ्याने सांगितलं, की हे टोपलं डोक्यावर टांगू नका, नाहीतर धूर तुमच्या नाकावरूनच वर जाईल. रॉडच्या बाजूला, हातभर अंतरावर आणा. शेठने यंत्राला हार घातला, नारळ फोडला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी दारातून बघत होते. मला खरंच वाटलं, देव पावला.

आणि पावलाच, खोटं कशाला बोलू. नवऱ्याचा ताप बंद झाला. जस्ताचं काम करून आला तरी जेवायचा, पाय पसरून झोपायचा. खोकला कमी होत होत गेला. शेजारच्या खोलीतला वेल्डर तर त्याच्यापेक्षा वाईट अवस्थेत होता, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. तोही आडवा झोपायला लागला. त्याची बायको नळावर सगळ्यांना सांगत सुटली होती. मी तेव्हा पोटुशी होते, दिवस भरत आले होते, आणि मला सगळंच चांगलं दिसत होतं. ब्लोअरचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर काढलाय, त्याचं तोंड बोळात आहे आणि बरोबर आमच्या खिडकीसमोर आहे, हे दिसत होतं पण डोक्यात शिरत नव्हतं.

मला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला माहेरी कुठे जाणार. गावाहून सासू आली. आमचं दोघींचं कधीच पटलं नाही. माझं पाणी भरणं तिला पसंत नाही, माझी भाकरी पसंत नाही, मी पेपराचा कागद पुडीवरून सोडवून वाचते ते तर मुळीच नाही. पण बाळंतिणीचं करावं तर तिनेच, असं तिच्या गावात म्हणायचे आणि ते तिला माहीत होतं. आल्या आल्या तिने खाटेखाली घमेलं सरकवून ठेवलं, ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली, वावडिंग अशा पुरचुंड्या फळीवर मांडल्या. हात असा चालायचा तिचा, की बघत राहावं. मला मान्य करायला जिवावर यायचं, पण खरं ते खरं.

मुलगी झाली. सासूने तोंड वाकडं केलं नाही, पण सरळही ठेवलं नाही. रोज सकाळी न्हाऊमाखू घालून झालं की निखाऱ्यावर ओवा आणि साली टाकून आधी मला शेक आणि मग पोरीला धुरी. पोरीला पालथी धरून धुरावरून हलकेच फिरवायची. सगळ्या खान्देशात असंच वाढलेत सगळे. मीही.

पोर काही दिवसांची होत नाही तोच खोकायला लागली. एवढ्याशा जिवाचा तो खोकला, आवाज म्हणावा तर नाही, नुसता अंगाला हिसका बसायचा. मग श्वासाबरोबर छातीत घुरघुर. दूध ओढता ओढता दमायची, सोडून द्यायची आणि दमल्यामुळे रडतासुद्धा यायचं नाही तिला. सासू म्हणाली, "धुरी कमी पडी ऱ्हायनी." दुसऱ्या दिवसापासून धुरी दोन वेळा सुरू झाली.

मी पोरीला म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात पाठवलं, सासूबरोबर आणि नवऱ्याबरोबर. मला बाहेर पडायची बंदी. डॉक्टरने छाती तपासली, औषध दिलं आणि म्हणाला, "घरात धूर होत असेल तर तो पहिला बंद करा." घरात धूर म्हटल्यावर आमच्या घरात कुणाच्या डोळ्यापुढे काय येणार? धुरीच. दुसरं काही सुचलंच नाही कुणाला. मलाही नाही. मी सांगितलं, आजपासून धुरी बंद.

बापरे, काय तो सासूचा तमाशा. तिने किती पोरं न्हाऊ घातली, किती बाळंतिणी उठवल्या, कुणाच्या पोराला काही झालं नाही आणि आता हा कोट घातलेला पोरगा तिला शिकवणार. आणि ही दहावीची दीडशहाणी त्याचं ऐकणार. दोन दिवस ती जेवली नाही. मी पण हट्टाने धुरी होऊ दिली नाही. आठवडा गेला. पोरीचा खोकला तसाच. उलट वाढला. सासू नुसती पोरीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग शेडची सुट्टी आली. आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची, ती सुट्टी. त्या दिवशी पोर पोटभर प्यायली, झोपली, जागी होऊन नुसती वर बघत पडून राहिली. मी म्हटलं, औषध लागू पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लोअर सुरू झाला आणि थोड्या वेळाने तिच्या अंगाला पुन्हा तसा हिसका बसला. मी लंगोट काढायला खिडकीशी गेले. खिडकीतल्या दोरीवर वाळत घातलेले पांढरे लंगोट, बोट फिरवलं तर बोट काळं. समोर पाइपाचं तोंड. त्यातून निळसर धूर येत होता, सावकाश, बोळातल्या बोळात फिरत होता आणि जायला जागा नसल्यामुळे माझ्या घरात येत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकी लावून घेतली तर खोलीची भट्टी व्हायची, पत्र्याचं छप्पर आमचं. आणि लावूनही वास आत यायचाच.

सव्वा महिना झाला नव्हता. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. मी कान बांधले, पोरीला पदरात घेतलं आणि सासू "कुठे, कुठे" म्हणेपर्यंत बोळाला वळसा घालून शेडच्या पुढच्या दाराने आत गेले. सगळ्यांचे हात थांबले. नवऱ्याने तोंडावरची काच वर केली आणि मला बघून तिथेच उभा राहिला. मी थेट केबिनमध्ये.

शेठला म्हटलं, "भाऊ, तो पाइप वर न्या. छपराच्या वर. पोरीला श्वास घेता येत नाही."

त्याने पोरीकडे बघितलं सुद्धा नाही. म्हणाला, वर नेला तर ब्लोअरला जोर पडेल, वरचा पत्रा कापावा लागेल, पावसात गळेल. मी म्हटलं, तुमच्याकडे एवढे कारागीर आहेत, दिवसभर दुसऱ्यांचे पाइप जोडतात, एक तुमचा जोडला तर काय बिघडलं? तो हसला. आणि मग अहिराणीत आला.

"तुम्ही लोके पोरेसले धुरी देतस ना? मंग? हाई फुकटनी धुरी शे. घी ल्या."

ही फुकटची धुरी आहे म्हणे, घेऊन टाका. असा राग मला आयुष्यात आधी आला नव्हता आणि नंतरही क्वचितच आला. कारण हा परका नव्हता ना. त्यालाही कुणीतरी असंच पालथं धरून धुरावरून फिरवलं असणार. त्याला सगळं माहीत होतं आणि माहीत होतं म्हणूनच त्याने ते शब्द निवडले.

मी वळले तेव्हा तो म्हणाला, आता हिंदीत, "पंखा बंद करना है तो कर दूँगा. तेरे घरवाले को पूछ ले." आणि पुन्हा कागदात तोंड घातलं. आमच्या गळ्यात दोर टाकून त्याची दोन्ही टोकं आमच्याच हातात देऊन तो मोकळा झाला.

नवऱ्याने मला विचारलं नाही, मीही त्याला काही सांगितलं नाही; पंखा बंद करायचं शेठचं बोलणं त्याने बाहेरून ऐकलं होतं. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन ब्लोअरचं बटण बंद केलं. बाकीचे वेल्डर अंगावर आले. शेजारच्या खोलीतल्याने तर त्याची कॉलर धरली, म्हणाला, तुझ्या एका पोरीसाठी आम्ही मरायचं का? नवरा म्हणाला, मी पण आतच आहे. हे सगळ्यांना कळत होतं, पण कळलं म्हणून राग थोडाच जातो. कुणीतरी बटण चालू करायचं, हा बंद करायचा. दिवसातून कितीदा ते व्हायचं. खिडकीत बसून मला कळायचं, आत्ता कोण जिंकलं.

त्याचा ताप परत आला. खोकला परत आला, आधीपेक्षा वाईट. पोर मात्र सुधारायला लागली, दूध प्यायला लागली. मी त्याच्यावर चिडायचे. "अहो, शेठशी भांडा. मिलच्या इंजिनिअरला सांगा. नुसतं गप बसून स्वतःची छाती काय जाळता?" तो म्हणायचा, "होईल काहीतरी." त्याचं हे होईल काहीतरी ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. चांगुलपणा होता तो, मला कळत होतं. पण असल्या चांगुलपणाचा इतका संताप येतो की काय सांगू.

सासूला पंख्याचं कुणी सांगितलं नव्हतं. तिला नळावर कळलं, शेजारणीकडून, आणि ते कसं सांगितलं असेल ते मी सांगायला नको. ती घागर तिथेच टाकून आली. मी पोरीला पाजत होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरनासाठे मना पोऱ्याले मारस का तू?"

मी म्हटलं, "मी नाही सांगितलं त्यांना. त्यांनी केलं. आणि पोर त्यांचीच आहे."

"तुले तुनी पोर, माले मना पोऱ्या," ती म्हणाली. बस, एवढंच. आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

त्या वेळी मला ती नकोशी झाली होती. ती उठून गावाला जावी, परत तोंड दाखवू नये, असं वाटत होतं. आणि ते वाटता वाटताच मला कळत होतं की तिचं बरोबर आहे. तिचं लेकरू भिंतीच्या आत होतं, माझं बाहेर. पाइप एकच. ती तिच्या लेकराच्या बाजूने बसली होती आणि मी माझ्या. मी तिच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

संध्याकाळी नवरा आला, थंडीने कुडकुडत. सासूने त्याच्या अंगावर असेल नसेल ते सगळं टाकलं, त्याचे पाय चोळत बसली. मग मान वर न करता तिने मला विचारलं, शेठकडे गेली होतीस तर तो म्हणाला काय? मी सगळं सांगितलं. पत्रा कापावा लागेल, पाऊस गळेल, आणि शेवटी ते धुरीचं.

तिचे हात थांबले. "तो काय बोलना? परत सांग."

मी परत सांगितलं. फुकटनी धुरी.

ती पुन्हा त्याचे पाय चोळायला लागली. मला वाटलं, विषय संपला. म्हातारीला बोलण्यातला अपमान समजतो की नाही, मी मनात म्हटलं. चुकले. तिला तो माझ्यापेक्षा जास्त लागला होता. तिच्या हातात एकच विद्या होती आणि त्या माणसाने ती शेडच्या धुराच्या शेजारी नेऊन बसवली होती.

सकाळी तिने घमेल्यात निखारे भरले. ओवा घेतला, लसणाच्या साली घेतल्या, मिरच्यांची देठं घेतली, वर मूठभर बाळंतशोपा. मला वाटलं, पुन्हा धुरी सुरू करते की काय, आणि मी भांडायच्या तयारीत उठले. तर ती घमेलं फडक्यात धरून दाराबाहेर. मी पोरीला शेजारच्या म्हातारीकडे देऊन मागे धावले.

ती शेडमधून सरळ चालत गेली. कुणी अडवलं नाही. कमरेवर हात न ठेवता तिला एरवी चालवत नसे, त्या दिवशी कसं चालवलं कोण जाणे. केबिनमध्ये शेठच्या समोर दोन माणसं बसलेली, कुठल्यातरी मिलची पार्टी, सफारी घातलेली. तिने आत जाऊन दार लोटून घेतलं, घमेलं टेबलाखाली शेठच्या पायाशी ठेवलं, आणि सगळ्या साली एकदम ओतल्या. काचेच्या केबिनमध्ये धूर कसा भरतो ते मी बाहेरून बघितलं. पार्टी तोंडावर रुमाल धरून उठली. शेठ उठला. ती दाराला पाठ लावून खाली बसली होती.

"बठ," ती त्याला म्हणाली. "बाळंतीणले धुरी लागस, शेठले बी लागस. फुकटनी शे. घी ले."

शेठला दोन माणसांना आणि एका म्हातारीला ओलांडून बाहेर यावं लागलं. डोळ्यांतून, नाकातून पाणी. वेल्डर सगळे उभे. कुणीतरी हसलं. शेजारच्या वेल्डरचंच हसू होतं ते, ज्याने कॉलर धरली होती. मी पण हसले, तोंडाला पदर लावून. इतकं समाधान मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिलं.

ते समाधान फार टिकलं नाही. शेठने पाइप वर नेला नाही. त्या इंजिनिअरच्या मिलचं काम तोवर उरकलं होतं, त्याने यंत्रच काढलं. ब्लोअर, नळ्या, टोपली, सगळं टेम्पोत घालून दुसऱ्या शेडमध्ये नेलं. वर सांगून गेला, "ना तुम्हाला धूर, ना मला कटकट. गूळ खा." भिंतीतल्या भोकावर पत्रा ठोकून टाकला.

आमची पोर वाचली. तिच्या छातीतली घुरघुर थांबली. आणि आतले सगळे जिथे होते तिथे परत गेले. आता नळावर आमच्याशी कुणी बोलेना. शेजारचा वेल्डर पुन्हा उशीला टेकून बसायला लागला आणि त्याच्या बायकोने मला तोंडावर सांगितलं, तुझ्या सासूच्या नाटकापायी माझा नवरा जायचा एक दिवस. मी तिला उलटून बोलले, पण बोलताना माझा आवाज नेहमीसारखा लागला नाही. राग शेठवर करायचा सोडून ती माझ्यावर करत होती, हे खरं. पण शेठ कूलरमध्ये होता आणि मी तिच्या दारासमोर होते.

नवऱ्याने एवढं होऊनही शेड सोडायचं नाव काढलं नाही. वेल्डिंग हा त्याचा जीव होता. त्याने मारलेली शिलाई, म्हणजे जोडाची रेघ, ओळखू येते, असं इतर शेडवालेसुद्धा म्हणायचे. जस्ताचं मोठं काम निघालं. एका संध्याकाळी तो आला तो त्याला श्वासच घेता येईना, नुसता तोंड उघडून बसला. ताप उतरला, पण तो बसलाच होता. सासूने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. या वेळचं बघणं वेगळं होतं.

सकाळी तो डबा मागायला लागला तेव्हा मी डबा भरलाच नव्हता. आणि ती उंबऱ्यावर बसली होती, आडवी. "आते जावानं नही," ती म्हणाली. तो म्हणाला, आई सरक. ती सरकली नाही. त्याने मला सांगितलं, तू तरी सांग हिला. मी म्हटलं, मी काय सांगणार, मी पण तिथेच बसणार आहे, आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं आम्ही दोघी एका बाजूला बसलो. तो खूप बोलला आम्हाला. कधी न बोलणारा माणूस, त्या दिवशी इतकं बोलला की मला ऐकवेना. या हातांना याशिवाय दुसरं येतं काय, म्हणाला. तो रडला. आम्ही उठलो नाही.

माझ्या चुलतभावाच्या ओळखीने तो लूमवर, यंत्रमागावर लागला. आम्ही खोली बदलली, दूर गेलो त्या बोळापासून. सासू गावाला निघून गेली आणि जाताना मला म्हणाली, भाकरी अजून जाडच होते तुझी. त्याने परत कधी होल्डर हातात घेतला नाही. छाती मात्र साफ झाली. डॉक्टर आजही म्हणतात, या वयात अशी फुफ्फुसं नशिबाने मिळतात.

लूमचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. एका छपराखाली तेवढे माग, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय, सकाळपासून. सुरुवातीला घरी आल्यावर तो म्हणायचा, कानात शिट्टी वाजते. मी म्हटलं, सगळ्यांनाच वाजत असेल. माझ्या तोंडात त्याचं उत्तर कधी येऊन बसलं, मलाही कळलं नाही. मग तो रेडिओ मोठा लावायला लागला. मग रेडिओ लावायचाच बंद झाला.

पोर मोठी झाली. ठणठणीत आहे, आवाज माझ्यावर गेलाय. तिचं लग्न ठरलं ते तिने स्वतः ठरवलं, आणि मी म्हटलं, बापाला तूच सांग. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. मुलगा कोण, काय करतो, तिला का आवडला. कितीतरी वेळ बोलत होती, लाजत, हळू आवाजात. असलं कुणी ओरडून सांगतं का? तो तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होता. ती गप झाली तेव्हा त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणते ती?"

मी त्याच्या कानाला तोंड लावून ओरडले. एकदा ओरडले, परत ओरडले. दारातून शेजारीण डोकावली, "शुं थयुं बेन, झघडो थयो?"

मी म्हटलं, "नाही गं. पोरीचं लग्न ठरलंय."